तुम्ही विचारलंत म्हणून: माळ्यावरची पोथी गणिताची आहे का?

चवथीआधी माळे झाडले जातात आणि हा प्रश्न हमखास येतो: लाल फडक्यात पोथी निघाली, आत आकडे दिसतात, गणिताची असेल का? असू शकेल. पण आधी पानं क्रमानं लावायला बसू नका.

बक्षालीची गणिताची जुनी पोथी १८८१ मध्ये, आजच्या पाकिस्तानातल्या मर्दानजवळ खणताना मिळाली. भूर्जपत्रं काढतानाच बरीच मोडली. उरलेली ७० ऑक्सफर्डला आहेत, पण त्यांच्या मूळ क्रमावर अजून वाद आहेत. म्हणून जशी निघाली तशीच, एकेका पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. पत्रांक, म्हणजे पानाचा आकडा, बहुधा पाठीमागे, समासात असतो. आपल्या पावसाळ्यात पानं चिकटतात. ती सुरीनं सोडवू नका, उन्हातही टाकू नका, कागद कडक होऊन घडीवर तुटतो. ओलं फडकं तर नकोच: काजळाची शाई डिंकात कालवलेली, पाणी लागलं की अक्षर पसरतं. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन कसरीपेक्षा वाईट.

आता ओळख. ‘ज्योतिष’ अशी चिठ्ठी पाहून पोथी बाजूला सारू नका, गणित त्याच गठ्ठ्यात असतं. भास्कराचार्यांची लीलावती गणिताची, पण ती त्यांच्या सिद्धान्तशिरोमणी या ज्योतिषग्रंथाचाच भाग. ‘करणसूत्रम्’ (रीत), ‘उदाहरणम्’, ‘न्यासः’ (आकड्यांची मांडणी) हे शब्द शोधा. एकाखाली एक दोन आकडे, मध्ये रेघ नाही, तर तो अपूर्णांक. आकड्याच्या डोक्यावर टिंब म्हणजे ऋण संख्या. नकलणारे ते अनुस्वार किंवा शाईचा डाग समजून गाळतात आणि पुढचं सगळं उत्तर चुकतं. सालं शब्दांत असतात, उजवीकडून वाचायची. भास्कराचार्यांनी जन्मशक ‘रसगुणपूर्णमही’ असा दिलाय: रस ६, गुण ३, पूर्ण ०, मही १. म्हणजे शके १०३६, इ.स. १११४.

ग्रंथ हरवणं म्हणजे तो जळून नष्ट होणंच असं नाही, हे आमच्या पेडण्यातल्या मांद्र्याच्या भाऊ दाजी लाडांच्या कामात दिसतं. आर्यभटीय हा पहिल्या आर्यभटाचा गणित-ज्योतिषाचा ग्रंथ केरळात पिढ्यान्‌पिढ्या नकलला जात होता, त्यावर टीका लिहिल्या जात होत्या. तरी युरोपीय अभ्यासकांत पहिला आर्यभट कोणता आणि त्याच नावाचा, महासिद्धान्त लिहिणारा दुसरा कोणता, याचा घोळ होता. पेशानं डॉक्टर असलेल्या भाऊंनी प्रती मिळवल्या, जुन्या ग्रंथांतल्या उताऱ्यांशी ताडल्या आणि १८६५ मध्ये निबंध छापला. डच अभ्यासक केर्नची आर्यभटीयाची लायडनची छापील आवृत्ती आली १८७४ मध्ये. ग्रंथ जेमतेम १२१ श्लोकांचा, पन्नासेक पानांतही मावेल. तुमच्या माळ्यावरचं पुडकं लहान आहे म्हणून हलकं समजू नका.

ग्रंथाचं नाव, लेखक, नकलणारा आणि शक हे सगळं बहुधा शेवटच्या पानावर, पुष्पिकेत, म्हणजे समाप्तीच्या मजकुरात असतं. कसर आणि वाळवी बाहेरच्या पानांपासूनच सुरुवात करतात. तेव्हा फडकं झटकताना घडीत अडकलेला चुरा केरात टाकू नका, कागदाच्या पाकिटात भरून पोथीबरोबरच ठेवा.