कार्गो ट्रेलरच्या कॅम्परमधल्या पहिल्या चार रात्री, आणि वायरिंग कसं आखावं

दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास फ्रिजच्या टिकटिकीने जाग आली. त्याच्या पडद्यावर कमी व्होल्टेजची खूण लुकलुकत होती. टॉर्च घेऊन बॅटरीचा मीटर पाहिला, तर त्यावर ७८ टक्के. दादा स्लीपिंग बॅगमधूनच म्हणाला, "अरे, बॅटरी भरलेली आहे ना? मग हा का बंद पडतोय?" त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. सकाळी मल्टिमीटर काढला आणि प्रवासाचे पुढचे दोन दिवस बरेचसे त्या एका वायरच्या मागे गेले. मालवाहू ट्रेलरचा कॅम्पर, म्हणजे प्रवासात राहता येईल अशी खोली, करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांना हे आधीच कळावं म्हणून सविस्तर लिहितो.

ट्रेलर साडेतीन मीटर लांबीचा, पत्र्याचा, आतून रिकामा डबा होता. आठ महिन्यांत इन्सुलेशन, प्लायवूड, पलंग, ओटा असं सगळं झालं. वजन पुढे राहावं म्हणून बॅटऱ्या हिचच्या (ट्रेलर गाडीला जोडायच्या आकड्याच्या) बाजूला ठेवल्या: १०० अँपिअर-तासाच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट, पॅरललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस). फ्रिज मागच्या दाराशी. छतावर २०० वॅटचं सोलर पॅनल. पहिली रात्र कॅम्पिंगच्या जागेवर बाहेरची वीज जोडून काढली, त्यामुळे चार्जर चालू होता आणि काहीच जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी चालवताना ऊन होतं, तेव्हाही सगळं ठीक. रात्री ऊन नाही, चार्जर नाही, नुसत्या बॅटरीवर भार आला आणि मग खरं काय ते दिसलं.

सकाळी कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर १३.१ व्होल्ट होते आणि फ्रिजच्या प्लगपाशी ११.७. मधल्या वाटेत १.४ व्होल्ट नाहीसे होत होते. फ्रिजचं बॅटरी-संरक्षण 'हाय'वर होतं, म्हणजे ११.८ च्या खाली गेलं की तो स्वतःला बंद करून घेतो. त्याचं काही चुकलं नव्हतं.

चूक माझ्या मोजण्यात होती. ट्रेलर साडेतीन मीटरचा म्हणून मी वायरही साडेतीन मीटर धरली आणि घरात पडून असलेली दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची) वायर वापरली. प्रत्यक्षात ती वायर पुढच्या भिंतीवरून वर चढते, छताच्या कडेने मागे जाते, दाराच्या चौकटीला वळसा घालते आणि खाली उतरते. ते झाले सात मीटर. करंट जातो तसा परतही येतो, म्हणून हिशेबाला १४ मीटर. तांब्यासाठी हिशेब सोपा आहे: जाऊन-येऊन लांबी मीटरमध्ये, गुणिले ०.०१७५, भागिले वायरचा चौरस मिलिमीटर आकार. उत्तर येतं ओहममध्ये, त्याला अँपिअरने गुणलं की किती व्होल्ट पडतील ते कळतं. दीड एमएमला ०.१६ ओहम, फ्रिज सहा अँपिअर घेत होता, म्हणजे जवळजवळ एक व्होल्ट वायरीतच गेला. चारची वायर असती तर ०.३७ व्होल्ट गेले असते. १२ व्होल्टवर तीन टक्क्यांच्या आत राहावं असा नेम ठेवा, निदान फ्रिज आणि पंपासाठी. घरातल्या २३० व्होल्टवर एक व्होल्ट गेला तर कुणाला पत्ता लागत नाही. १२ मधून एक जाणं म्हणजे बारावा हिस्सा गेला.

उरलेले ०.४ व्होल्ट शोधायला वेळ लागला. युक्ती अशी: भार चालू ठेवायचा आणि मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकाच जोडाच्या दोन बाजूंना लावायच्या. जोड चांगला असेल तर आकडा शून्याच्या आसपास येतो. मी पुढून मागे एकेक जोड तपासत गेलो. फ्यूज बॉक्सच्या मागच्या एका लगवर (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या तुकड्यावर) ०.४ दिसले. बोट लावलं तर लग कोमट होता. बाहेर काढून ओढला तर वायर सहज निसटून हातात आली; पक्कडीने दाबलेला लग, आतल्या निम्म्या तारा बाहेरच राहिलेल्या. लग दाबायचं चांगलं रॅचेटवालं क्रिंपिंग टूल घ्या आणि प्रत्येक लग दाबल्यावर जोराने ओढून पाहा. ट्रेलर रस्त्यावर सतत हादरतो. घरच्या वायरिंगमधली एकसंध जाड तार इथे वापरू नका, ती हादऱ्यांनी जोडापाशी मोडते. बारीक तारांची मऊ वायरच हवी. सिगारेट लायटरचं सॉकेट फ्रिजसाठी अजिबात नको, त्यातला स्प्रिंगचा संपर्क हादऱ्यांनी सैल होतो. फोनपुरतं ते ठीक आहे.

जागेवर तोडगा म्हणून दादाने फ्रिज उचलून पुढे बॅटरीशेजारी आणला आणि सामानातल्या मीटरभर जाड वायरीने, मध्ये फ्यूज घालून, जोडला. पलंगापाशी पाय ठेवायला जागा उरली नाही, पण तिसऱ्या रात्री फ्रिज एकदाही थांबला नाही. त्याचं संरक्षणही 'लो'वर केलं. 'हाय' असतं ते गाडीची लेड-ॲसिड बॅटरी इंजिन सुरू करण्याइतकी शिल्लक राहावी म्हणून. लिथियम बॅटरीला तिचं स्वतःचं बीएमएस असतं, म्हणजे ती जास्त रिती होण्याआधी तोडणारं आतलं सर्किट.

फ्यूजबद्दल माझं मत ठाम आहे. फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरसाठी असतो. प्रत्येक वायरीचा फ्यूज तिला झेपेल त्याच्या आतला हवा आणि मुख्य फ्यूज बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरातच हवा, कारण फ्यूजच्या अलीकडे वायर पत्र्याला टेकली तर तिला थांबवणारं काही नसतं. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली की हजारो अँपिअर सोडू शकते, साधा फ्यूज तिथे पुरत नाही. तेवढा करंट तोडू शकणारा क्लास टी प्रकारचा घ्या. पत्र्यातून किंवा लोखंडी फ्रेममधून वायर जाते त्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट (कडेला बसणारी चकती) लावा. मी दोन ठिकाणी विसरलो होतो. परत आल्यावर पाहिलं तर एका वायरीच्या आवरणावर चकचकीत ओरखडा पडला होता, आतलं तांबं अजून झाकलेलं होतं.

विजेचा हिशेब मी आधी कागदावर केला होता, तो बऱ्यापैकी जुळला. फ्रिज दिवसाला ४८ अँपिअर-तास, पंखा १२, फोन आणि लॅपटॉप मिळून १०, दिवे ५, पाण्याचा पंप जेमतेम १. म्हणजे ७६. मीटरने मात्र पहिल्या पूर्ण दिवसाला ९५ दाखवले. फरक इन्व्हर्टरचा होता. लॅपटॉप लावून झाल्यावर तो तसाच चालू राहिला होता आणि काही न चालवतासुद्धा जवळजवळ एक अँपिअर खात होता. त्याला हाताशी येईल असा स्विच द्या. लॅपटॉप शक्य असेल तर थेट १२ व्होल्टवरून यूएसबी-सी चार्जरने लावा. आणि हजार वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराने चालला तर बॅटरीकडून ९० अँपिअरच्या वर ओढतो, म्हणून तो बॅटरीला खेटूनच बसवा, केबल जाड आणि आखूड.

बॅटरीचा मीटर शंटवालाच घ्या; शंट मायनसच्या वाटेत बसतो आणि आत-बाहेर जाणारा करंट मोजतो. या बॅटरीचं व्होल्टेज भरलेली असताना आणि अर्धी संपलेली असताना जवळजवळ सारखंच असतं, त्यामुळे व्होल्टेजवरून अंदाज बांधता येत नाही. मायनसची प्रत्येक वायर शंटच्या पलीकडच्या बाजूलाच आली पाहिजे. एखादी थेट बॅटरीला लागली तर तिचा खर्च मीटरला दिसतच नाही. दोन बॅटऱ्या पॅरललमध्ये असतील तर प्लस एकीचा आणि मायनस दुसरीचा घ्या, म्हणजे दोघी सारख्या रित्या होतात.

तिसरा दिवस दाट झाडीत गेला आणि सोलरने दिवसभरात ९ अँपिअर-तास दिले. आदल्या दिवशी उघड्या माळावर तेच पॅनल ५५ पर्यंत गेलं होतं. सावलीत थांबायला आवडणाऱ्यांनी गाडी चालताना तिच्या अल्टरनेटरवरून ट्रेलरची बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर जरूर बसवावा, पण ट्रेलरच्या दिव्यांच्या प्लगमधल्या बारीक वायरीवर विसंबू नये. गाडीच्या बॅटरीपासून हिचपर्यंत वेगळी जाड वायर ओढावी, दोन्ही टोकांना फ्यूज. ट्रेलरचे मूळ दिवे आणि ब्रेक यांच्या वायरिंगला आतल्या नव्या वायरिंगचा कुठेही धक्का लागू देऊ नका. पत्र्याचा मायनस म्हणून वापर तर नकोच, प्रत्येक उपकरणाला दोन्ही वायरी न्या.

बाहेरच्या विजेची बाजू मी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली आणि तुम्हालाही तेच सांगेन. सगळा डबा धातूचा आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि चासीला, म्हणजे ट्रेलरच्या सांगाड्याला, पक्कं अर्थिंग नसेल तर एका बिघाडात बाहेरचा अख्खा पत्रा जिवंत होतो.

परतल्यावर मागची भिंत उघडली. आत एक गोष्ट दिसली, ती कुणी सांगितली नव्हती: थर्मोकोलला टेकलेल्या पीव्हीसी वायरीचं आवरण चिकट होऊन थर्मोकोलमध्ये रुतलं होतं. हे दोघे एकमेकांना लागले की पीव्हीसीतला मऊपणा आणणारा पदार्थ थर्मोकोलमध्ये झिरपतो आणि वायर हळूहळू ठिसूळ होते. आता सगळ्या वायरी पाइपातून नेल्या आहेत आणि प्रत्येक पाइपात एक जादा दोरी सोडली आहे, पुढे नवी वायर ओढायची झाली तर भिंत फोडायला नको. प्लायवूड परत ठोकण्याआधी मेजरिंग टेप लावून भिंतीचे फोटो काढले, म्हणजे कपाटाचा स्क्रू वायरीत घुसणार नाही. दोन्ही टोकांना लेबलं लावली. फ्यूज बॉक्समध्ये दोन जागा रिकाम्या ठेवल्या.

फ्रिजसाठी सहाची वायर घातली, लग नव्याने दाबले. कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीवर १३.१, फ्रिजपाशी १२.८.