पेन्सिलवाल्याचा पंचनामा

'द अपील' ही रहस्यकादंबरी अजून संपलेली नाही, पण खुनी कोण याचा माझा अंदाज पाकिटात बंद करून आत्तींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, ताब्यात दिला. आणि मागच्या नोंदीत, माझ्या जुन्या प्रतीच्या समासातल्या ज्या पेन्सिलीतल्या नावापायी मी कपाळ बडवून घेत होते, त्या नावाचा निकाल लागला. घाईने ही नोंद टाकायचं कारण तेवढंच.

ज्यांनी मागचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जॅनिस हॅलेटची ही पहिली कादंबरी, २०२१ची. नवोदित रहस्यलेखकांसाठीचा जॉन क्रीझी डॅगर पुरस्कार तिला २०२२ मध्ये मिळाला. पुस्तकात सलग कथन असं जवळपास नाहीच. मेल, मेसेज, चिठ्ठ्या. रॉडरिक टॅनर नावाचा ज्येष्ठ वकील हाताखालच्या दोघांना, फेमीला आणि शार्लटला, कागदांचा गठ्ठा देतो आणि म्हणतो, आधी वाचा, मग बोलू. आपण त्यांच्या खांद्यावरून वाचायचं. खून कोणाचा झालाय हेसुद्धा बराच वेळ कळत नाही.

असलं पुस्तक ई-रीडरवर वाचायच्या भानगडीत पडू नका. माझ्या जुन्या ई-रीडरवर मेलची वरची पट्टी, म्हणजे कोणी, कोणाला, कधी, ही एका पानावर आणि मजकूर दुसऱ्या पानावर जात होता. इथं तर अर्धे क्लू त्या पट्टीतच. शिवाय दर थोड्या वेळाने पन्नास पानं मागं जायचं, ते बोटाने सरकवत कोण बसणार? म्हणून कागदी प्रत मागवली. नवीन महाग पडत होती, तेव्हा जुनी. विकणाऱ्याने वर्णनात 'जणू नवीन' लिहिलं होतं. जुन्या पुस्तकांच्या धंद्यात या दोन शब्दांचा अर्थ 'फाटलेलं नाही' एवढाच असतो, हे धरून चाला. ऑनलाइन घेण्यापेक्षा रस्त्यावरच्या ढिगातून घेतलेलं बरं, निदान उघडून तरी बघता येतं.

तर त्या प्रतीत, पुस्तकाचा तिसरा हिस्सा जेमतेम उलटलाय अशा पानाच्या समासात, पेन्सिलीने एका पात्राचं नाव. खाली दोन रेघा, पुढे उद्गारचिन्ह.

रहस्यकथा वाचणाऱ्याच्या वाट्याला याहून वाईट काय येणार? नाव इथं सांगत नाही, तुमचाही विरस नको. आमच्या रविवारच्या कट्ट्याचा, म्हणजे एकत्र रहस्यकथा वाचणाऱ्या आमच्या टोळक्याचा, नियम असा: उलगडा सुरू होण्याआधी थांबायचं, खुनी कोण, का आणि कशावरून हे कागदावर लिहायचं, पाकीट चिकटवून आत्तींकडे द्यायचं. आत्तींना इंग्रजी वाचता येत नाही आणि असल्या पुस्तकांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नाही, त्यामुळे त्यांच्याइतका निःपक्ष माणूस कोल्हापूरच्या आख्ख्या मंगळवार पेठेत मिळायचा नाही. आता माझ्या पाकिटात तेच नाव आलं तर ते माझं की पेन्सिलवाल्याचं? आणि मुद्दाम दुसरं लिहिलं तर तो नुसता हट्ट.

आमच्या कट्ट्यावरच्या वकीलसाहेबांपुढे विषय ठेवला. ते म्हणाले, "वहिनी, नाव लिहिलंय म्हणून गुन्हा शाबीत होत नाही. लिहिणारा कोण, त्याला माहिती कुठून, ते बघा आधी." कादंबरी राहिली बाजूला आणि कट्ट्याने प्रतीचाच तपास हाती घेतला.

पहिली गोष्ट, प्रतीत दोन हात आहेत. निळ्या पेनाने अवघड इंग्रजी शब्दांचे अर्थ लिहिलेत, तेही कन्नडमध्ये. म्हणजे प्रत निपाणी-बेळगावकडून फिरत आली असावी. पेन सुरुवातीच्या काही पानांतच दमलंय. पेन्सिल मात्र पुढे जात राहते. पात्राचं नाव आलं की शेजारी बारीक टिकली. याने यादी ठेवलेली दिसते, म्हणजे आपल्यातलाच.

आता खरा प्रश्न. पेन्सिलवाल्याने पुस्तक पुरं केलं होतं का? केलं असेल आणि नाव खोडलं नसेल, तर ते बरोबर असण्याचीच शक्यता जास्त. अंदाज चुकला तर माणूस रबर तरी घेतो किंवा स्वतःलाच एखादी शिवी लिहून ठेवतो. शेवटच्या पानांवर टिकल्या आहेत का, एवढं बघितलं की झालं. पण बघणार कोण? मी बघितलं तर माझं वाचन बाद. शेवटचा भाग मी आधीच रबरबँडने बांधून टाकला होता.

तेव्हा आत्तींना पाचारण केलं. वकीलसाहेब म्हणाले, पंचनाम्याला दोन पंच लागतात. दुसरा पंच म्हणून माझा भाचा, वय वर्षं सहा, अजून सेमी-इंग्लिशच्या पहिल्या पायरीवर. दोघं दिवाणावर पुस्तक घेऊन बसली, आम्ही स्वयंपाकघरात. आत्तींनी एकेक पान लाळेचं बोट लावून उलटलं आणि हाक मारली, "ह्यात काय बी न्हाई बघा. कोरी करकरीत हाईत पानं." भाच्याने एका पानावर मुंगी सापडल्याची नोंद केली.

पुढचा पुरावा कट्ट्यावरच्या सरांनी काढला. पेपरबॅक जिथपर्यंत नीट उघडून वाचलं जातं तिथपर्यंत कण्यावर उभ्या सुरकुत्या पडतात. आमच्या प्रतीचा कणा दोन तृतीयांशापर्यंत मोडलेला, पुढे सपाट. पानांची बाहेरची कडही तशीच. बोटं लागून मळलेली, आणि एका जागी एकदम पांढरी. बांधलेला भाग सरांनी न वाचता कानाशी धरून किंचित वाकवला, तर गोंद करकरला. म्हणजे या भागात कोणी शिरलेलंच नाही. पेन्सिलवाला वाटेतच उतरला!

एवढ्यावर मी आनंदाने चहा टाकायला उठले होते. तेवढ्यात माझी जाऊ म्हणाली, "आणि शेवटचं पान आधी वाचून मग नाव लिहिलं असलं तर?"

ती स्वतः असंच वाचते. शेवट आधी, मग निवांत सुरुवात. ही जात आहे, आणि आपण समजतो त्यापेक्षा मोठी आहे. शेवटाचं एक पान डोकावून बघायला कणा मोडावा लागत नाही, टिकलीही करावी लागत नाही. माझा आख्खा पंचनामा एका वाक्यात पाण्यात.

यावर बरेच दिवस गेले. मधल्या काळात मी पुढे वाचत होते आणि पेन्सिलवालाही माझ्याबरोबर पुढे येत होता. उत्तर तिथंच निघालं. नाव लिहिल्यानंतरही त्याच्या टिकल्या थांबत नाहीत, उलट दाट होतात. आणि थांबायच्या थोडं आधी एका वेगळ्याच पात्रापुढे त्याने दोन प्रश्नचिन्हं काढलीत, इतकी दाबून की मागच्या पानावर उमटलीत. ज्याला उत्तर माहीत आहे तो दुसऱ्यावर असा संशय घेत बसेल? शेवट चोरून वाचणारा मग पुरावे जमवतो तेही त्याच नावाविरुद्ध. जाऊबाईंना विचारून खात्री केली. त्या म्हणाल्या, "व्हय, मग बाकीच्यांकडं कशाला बघायचं?" म्हणजे समासातलं नाव हा एका चांगल्या, पण अर्ध्यात सोडून गेलेल्या वाचकाचा अंदाज. त्याची किंमत तुमच्या-माझ्या अंदाजाएवढीच.

त्याच्या नावाने मी वेगळं पाकीट केलंय. त्यावर लिहिलंय 'पेन्सिलवाला, तिसऱ्या हिश्श्यापर्यंतचे मत'. आत्तींनी ते ठेवून घेतलं, पण "त्यो कधी येणार जेवायला?" असं विचारलं.

आता दुसरी गोष्ट, खतावणी. मी दिवसभर ऑफिसात टॅलीवर लोकांची खाती जुळवते, त्यामुळे घरी संशयितांचीही खाती मांडायची सवय. लक्ष्मीपुरीतून लाल चोपडी आणली होती. प्रत्येक पात्राचं एक पान, त्याला कळलेलं ते जमा, त्याने दुसऱ्याला सांगितलेलं ते नावे. इथं माणसं ढीगभर आणि नवरा-बायकोच्या जोड्याच इतक्या की पहिल्या पन्नास पानांत चोपडी फुगली आणि हाती काही लागेना. प्रत्येकजण आपापल्या खात्यावर सज्जन.

मग खाती माणसांची न ठेवता जोडीची केली. अमक्याकडून तमक्याला, हे एक खातं. तमक्याकडून अमक्याला, हे दुसरं. आणि चित्रच पालटलं. एकच माणूस एकीला लिहिताना मधाळ, त्याच सुमारास दुसऱ्याला लिहिताना त्याच विषयावर वेगळंच. माणसाच्या खात्यावर हे दोन्ही एकाखाली एक येतं आणि डोळा घसरून जातो. जोडखात्यात ते समोरासमोर उभं राहतं. आणखी एक, काही खाती एकतर्फी निघाली. पत्रं जातात, उत्तर येत नाही. टॅलीत अशी थकबाकी दिसली की आम्ही आधी तिकडंच बघतो, इथंही बघितलं. माझ्या पाकिटातलं नाव त्यातून आलंय. एवढ्यावरच थांबते.

साधनांबद्दल: चिकटचिठ्ठ्यांच्या नादी लागू नका. कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्यांचा गोंद दोन दिवसांत मेला आणि पंख्याखाली सगळे संशयित घरभर झाले. चोपडी आणि ०.५ची पेन्सिल, बस.

कथेची पार्श्वभूमी हौशी नाटकमंडळी आहे, हे आपल्या गावात वाचायची मजा वेगळी. मंडळीच्या म्होरक्याच्या नातीला मेंदूचा कर्करोग झालाय आणि औषधासाठी अडीच लाख पौंड जमवायचं आवाहन सुरू आहे. इकडे भूमिका कोणाला मिळाली यावरून कुजबुज. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीत एकदा जरी चहा पोचवायला गेलेला असेल त्याला यातली एकही ओळ परकी वाटणार नाही. सर १९८०च्या दशकात केशवराव भोसले नाट्यगृहाच्या रंगमंचावर उभे राहिलेत. ऑगस्ट २०२४ च्या आगीनंतर त्या विषयावर ते फार बोलत नाहीत, पण हे पुस्तक त्यांनी माझ्या दुप्पट वेगाने वाचलं. त्यांचा मुद्दा असा की मंडळी आर्थर मिलरचं 'ऑल माय सन्स' बसवतायत, ते उगाच नाही. १९४७चं ते नाटक म्हणजे सदोष माल खपवून तोंड मिटून बसलेल्या घरकर्त्याची गोष्ट. वकीलसाहेबांच्या मते तोच सगळ्यात मोठा चकवा. मी या वादात चहा करते.

मध्ये तोंड पालटायला सुजाता मॅसीचं 'द सातापूर मूनस्टोन' वाचलं. साल १९२२, मुंबईची पारशी वकील पर्वीन मिस्त्री सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात जाते, कारण तिथल्या दोन्ही राण्या पडद्यात असतात आणि पुरुषांशी बोलत नाहीत. तिला धाडण्यात संस्थानांवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटिशांच्या कोल्हापूर एजन्सीचा हात, हे वाचून मी सोफ्यावर सरळ होऊन बसले. शाहू महाराज गेले तेच साल. वातावरण झकास, पाऊस तर अंगावर येतो. रहस्य मध्यम. खतावणीत चार खाती उघडली आणि मिटली.

पुढचं ठरलं होतं ते युकितो आयात्सुजीचं 'द डेकॅगॉन हाउस मर्डर्स'. जपानीत १९८७चं, इंग्रजीत २०१५ मध्ये आलं. विद्यापीठाच्या रहस्यकथा मंडळातली पोरं एका बेटावरच्या दहाकोनी घरात जातात. प्रकरणं आळीपाळीने बेटावर आणि किनाऱ्यावर घडतात, म्हणून जोडखात्याऐवजी मधोमध रेघ मारून डावीकडे बेट, उजवीकडे किनारा अशी चोपडी मी आखूनही ठेवली होती.

पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. प्रत्येकाने वेगळी प्रत घ्यायचीच कशाला? एकच प्रत कट्ट्यावर फिरवायची, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची पेन्सिल, आणि समासात वाट्टेल ते लिहायची मुभा. आधीच्याचं वाचून फसायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. आयतेच चार पेन्सिलवाले. जाऊबाईंना मात्र सगळ्यात शेवटी प्रत. याला 'डेकॅगॉन' बरं की दुसरं एखादं जाडजूड, माणसांनी भरलेलं? मला आता दुसरं वाटायला लागलंय. सुचवा.

पाकिटं येत्या रविवारी फोडायची होती, पण ऑगस्ट २०२५ पासून इथं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि वकीलसाहेबांचे रविवारसुद्धा फायलींत जातायत. त्याच्या पुढच्या रविवारी नक्की. वाचलेल्यांनी तोवर खालती काही लिहू नये, 'छान निवड' असंही नाही, त्यावरून सर अर्थ काढतात. आणि कोणाकडे 'डेकॅगॉन'ची जादा प्रत असेल तर कळवा. समासात लिहिलेली असली तरी चालेल, फक्त कणा कुठपर्यंत मोडलाय त्याचा फोटो टाका.