धानाच्या बांधीशेजारचं तळं

मौदा तालुक्यात आमची तीन एकर धानाची शेती आहे. धानाचा पैसा वर्षातून एकदाच येतो, दिवाळीनंतर. त्यातला निम्मा सोसायटीच्या कर्जात आणि कृषी केंद्राच्या उधारीत जातो. होळी झाली की घरात नगद उरत नाही. ३० बाय ३० मीटरचं शेततळं खोदलं ते धानाचं शेवटचं पाणी हुकू नये म्हणून. त्यात मासे टाकायचं मात्र माझ्या डोक्यात आलं.

पहिलं वर्ष वाया गेलं. बीज देणाऱ्याने हजार नग सांगितले, आम्ही मोजून घेतले नाहीत. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, म्हणून दिलेले मासे नखाएवढे होते. त्यात पहिल्याच मोठ्या पावसात नाल्याचं पाणी तळ्यात शिरलं आणि सोबत मरळ आली. मरळ बारकी मासळी गिळते. फेब्रुवारीत जाळं ओढलं तर चार दांडग्या मरळी आणि मूठभर रोहू. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग नागपूरला मत्स्यविज्ञान महाविद्यालयात जाऊन नीट विचारून आले. उन्हाळ्यात तळं पूर्ण सुकवलं, २० किलो चुना मारला, शेण टाकलं, पाणी शिरायच्या तोंडाला बारीक जाळी बांधली. ऑगस्टमध्ये ९०० बोटुकली आणली, या वेळी एकेक मोजून. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, म्हणून तिन्ही एकत्र वाढतात. बोटुकलीच्या पिशव्या पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवल्या आणि मगच तोंड सोडलं. खायला राइस मिलचा कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप.

सप्टेंबरात तीन दिवस आभाळ भरलेलं होतं. पहाटे पाचला तळ्यावर गेले तर सगळे मासे पाण्यावर तोंड काढून भपभप करत होते. ऊन नसलं की पाण्यातलं शेवाळ प्राणवायू पुरेसा बनवत नाही, आणि रात्रभर मासे, शेवाळ सगळेच तो वापरतात. पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू संपत येतो. माझे हातपाय गळाले. गावातल्या मासेमारी करणाऱ्या ढिवर काकांना हाक मारली. ते म्हणाले, "बाई, आज खाद्य टाकू नका जी, आधी पाणी हलवा." लाइट रात्रपाळीची होती, तीही गेलेली. शेजाऱ्याचं डिझेल इंजिन आणून तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात पाडत राहिलो. साडेआठला मासे खाली गेले. अकरा मेले होते.

होळीनंतर पाणी उतरायला लागलं तसं दर आठवड्याला थोडं थोडं जाळं ओढलं. नागपूरच्या बाजारात बर्फातला आंध्रचा मासा येतो, त्याच्यापुढे आम्हाला भाव मिळेना. म्हणून बांधावरच जिवंत मासा विकला, १४० रुपये किलोने. गावातल्या बायका घमेलं घेऊन येत. सगळा मिळून २६० किलो निघाला. काकांना जाळं ओढायची मजुरी दिली, कोंड्या-ढेपेचा हिशेब चुकता केला.

उरलेला पैसा माझ्या हातात राहिला, आणि तोही मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा एरवी किराण्याची उधारी सुरू होते. मुलीची कॉलेजची फी भरली. धानाचं बियाणं रोखीने आणलं, लग्नानंतर पहिल्यांदाच. सासूबाईंना दर रविवारी रोहूचा रस्सा मिळाला.

यंदा तोंडाला दुहेरी जाळी बांधली आहे. इंजिन स्वतःचं घ्यायचंय, जुनं बघतोय.