लंडन–फ्रँकफर्टची हरवलेली मिनिटं सापडली!

फ्लाइट सिम्युलेटरवर लंडन हीथ्रो–फ्रँकफर्ट उडताना टायमिंगचा जो घोळ इतके दिवस डोकं खात होता त्याचं मूळ काल रात्री सापडलं, सगळा खेळ रनवेचा आहे!

सरळ अंतर ६५५ किलोमीटर, म्हणजे ३५४ नॉटिकल मैल. रूट नेहमीचाच, नॅव्हिगेशन पॉइंट म्हणजे डेटलिंग, डोव्हर, कोक्सेइडेवरून बेल्जियम ओलांडून स्प्रिमाँ आणि मग उनोको. पश्चिमेचा जेट स्ट्रीम (उंचावरचा जोराचा वारा) जोरात असला की जाताना वेळ दणकून वाचायला हवा ना? वर ग्राउंडस्पीड (जमिनीच्या तुलनेत वेग) ५३० नॉट, म्हणजे ताशी ५३० नॉटिकल मैल दिसतो, जीव सुखावतो, आणि गेटवर जाऊन बघावं तर वाचलेली मिनिटं गायब.

काल सगळे ट्रॅक एकावर एक टाकून बघितले तेव्हा ट्यूब पेटली. पश्चिमेचा वारा म्हणजे हीथ्रोला टेकऑफ रनवे २७ वरून, जायचंय पूर्वेला आणि नाक पश्चिमेला, झाला वळसा. फ्रँकफर्टला लँडिंग रनवे २५ वर, तोंड तिथेही पश्चिमेला, म्हणजे आपण पश्चिमेकडून यायचं, एअरपोर्ट बाजूला टाकून पुढे जायचं आणि वळून परत, त्यात तिथली ट्रान्झिशन (रनवेपर्यंत आणणारा ठरलेला मार्ग) ही लांबलचक. आता हिशोब बघा. क्रूझ जेमतेम २५ मिनिटांचा, ८० नॉटचा टेलविंड (मागून वारा) धरला तरी वाचतात ४ मिनिटं. डाउनविंडला (रनवेला समांतर, उलट दिशेने जाताना) मात्र ३० नॉटिकल मैल जास्त, तेही २२० नॉटने, म्हणजे ८ मिनिटं गेली! येताना त्याच वाऱ्यात २५ वरून उडालं की नाक आपोआप लंडनच्या बाजूला आणि हीथ्रोची २७ पूर्वेकडून सरळ समोर, फक्त लॅम्बोर्न पॉइंटवर होल्डमध्ये, म्हणजे घिरट्या घालत, अडकवलं नाही पाहिजे.

दुसरी कटकट डिसेंटची, म्हणजे खाली उतरण्याची. एफएमएस (विमानातला नॅव्हिगेशन कॉम्प्युटर) पूर्ण ट्रान्झिशन धरून टॉप ऑफ डिसेंट (उतरायला सुरुवात करायची जागा) काढतो, आणि व्हॅटसिमवर (सिमवाल्यांचं ऑनलाइन नेटवर्क) लँगेनचा कंट्रोलर ऑनलाइन असला की मध्येच शॉर्टकट देतो, अंतर घटतं पण उंची तेवढीच राहते. काल तसंच झालं, डायरेक्ट मिळालं आणि पीएफडीवरचा (पायलटसमोरचा मुख्य डिस्प्ले) उतरण्याचा ठरलेला मार्ग दाखवणारा हिरवा ठिपका झपकन स्केलच्या तळाला, स्पीडब्रेक पूर्ण बाहेर काढून सुद्धा तो वर यायला तयार नाही, शेवटी गिअर लवकर टाकला आणि २५ राइटला स्टेबल उतरलो. काय मजा आली म्हणून सांगू! यापुढे लँगेन ऑनलाइन दिसला की डिसेंट आधीच सुरू करणार.

फ्लाइट प्लॅन बनवायला सिमब्रीफ फुकट असूनही माझ्या मते सगळ्यात भरवशाचं, पण अरायव्हल रनवे स्वतः तपासाच. नॅव्हडेटा (एफएमएसमधली मार्गांची माहिती) पण ताजा ठेवा, एआयआरएसी, म्हणजे त्या माहितीची अधिकृत आवृत्ती, दर २८ दिवसांनी बदलते आणि जुन्या डेटात ट्रान्झिशन चार्टशी जुळत नाहीत.

आधी ठरवलं होतं की माझ्या उड्डाण-वेळांच्या शीटमध्ये सरसकट एकच वेळ टाकायची, आता रनवेच्या जोडीप्रमाणे वेगळे कॉलम करतोय. आणि हे टाइप करताना अजून एक सुचलं, हीथ्रो साधारण ५ नॉटपर्यंत टेलविंड चालवून घेतं आणि दिवसा २७ च ठेवतं, म्हणजे हीथ्रोला पूर्वेचा हलका आणि फ्रँकफर्टला पूर्वेचा जोराचा वारा असला तर हीथ्रो २७ आणि फ्रँकफर्ट ०७ (तोच रनवे, तोंड पूर्वेला) अशी मिश्र जोडी पण मिळणार! तिचा वेगळा कॉलम हवाच.

सगळ्यात छोटा ट्रॅक निघेल तो हीथ्रोच्या ०९ वरून (तोंड पूर्वेला) उडून फ्रँकफर्टच्या ०७ ला सरळ उतरण्याचा, त्यासाठी पूर्वेचा वारा हवा, म्हणून स्कँडिनेव्हियावर हाय प्रेशर बसायची वाट बघतोय. कोणाकडे तसा ट्रॅक आधीच असेल तर पाठवा प्लीज, वेळा झुलूमध्येच (यूटीसी) द्या, फ्रँकफर्ट लंडनच्या एक तास पुढे असल्याने लोकल वेळेत उगाच गोंधळ होतो.