जुन्या गाडीची नोंदवही : २,८६,४०० ते २,९१,१०० किलोमीटर

मागच्या नोंदीत सगळे सुरळीत असल्याचे लिहिले आणि त्यानंतरच्या पंधरवड्यातच गाडीने तीन तक्रारी एकदम पुढे केल्या. कूलंटची पातळी दर आठवड्याला खाली जाऊ लागली, चढावर पाचव्या गिअरमध्ये क्लच घसरू लागला आणि खराब रस्त्यावर डाव्या पुढच्या चाकाकडून खडखड ऐकू येऊ लागली. गॅरेजमध्ये गाडी दाखवली तेव्हा इंजिन तापलेले होते, त्यामुळे रेडिएटरचे झाकण उघडण्याचा प्रश्नच नव्हता; तरीही अर्ध्या तासात अंदाजपत्रक हातात पडले. त्यात हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांमधले सील), संपूर्ण क्लच सेट, दोन्ही लोअर आर्म (पुढची चाके खालून धरणारे दांडे) आणि पुढचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर होते, आणि खालची बेरीज गाडी विकून जेवढे पैसे आले असते त्याच्याही वर गेली होती.

अशा वेळी बहुतेकजण त्या बेरजेची तुलना गाडीच्या विक्रीच्या किमतीशी करतात आणि हताश होतात. मला ही तुलना कधीच पटलेली नाही. इतकी चाललेली गाडी किमतीच्या बाबतीत केव्हाच तळाला टेकलेली असते. ती आणखी वीस हजार किलोमीटर चालवली म्हणून तिची किंमत फारशी उतरत नाही, तर तिच्या जागी घेतलेल्या नव्या गाडीला पहिल्या दिवसापासून घसारा, कर्जाचे व्याज आणि वाढीव विमा लागू होतो. म्हणून मी स्वतःला विचारतो तो प्रश्न वेगळा आहे: ही दुरुस्ती धरून पुढचे वीस हजार किलोमीटर या गाडीत किती खर्चाचे पडतील आणि तेच अंतर दुसऱ्या गाडीत कितीला पडेल? गेली सहा वर्षे ठेवलेल्या नोंदवहीत खर्चाचे तीन रकाने आहेत. पहिल्यात तेल, फिल्टर, टायर यांसारखा कोणत्याही गाडीला लागलाच असता असा खर्च येतो, दुसऱ्यात झिजून बदललेले भाग आणि तिसऱ्यात अनपेक्षित बिघाड. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्याच्या बेरजेला महिन्यांनी भागून जो आकडा येतो, तेवढी रक्कम मी दरमहा बाजूला टाकतो, मग त्या महिन्यात गाडीला पाना लागो वा न लागो. त्यामुळे या वेळी हाताशी काही रक्कम होती, परंतु अंदाजपत्रकातला आकडा तिच्या दुप्पट होता. तेव्हा त्यातली प्रत्येक ओळ खरोखर सिद्ध झालेली आहे का, हे तपासणे भाग होते.

सुरुवात कूलंटपासून केली, कारण हेड उतरवण्याचे काम यादीत सर्वांत महाग होते. रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर, कूलंटच्या टाकीच्या बाहेरून कागदी टेपची पट्टी चिकटवून पेन्सिलीने रेघ मारली. ८०० किलोमीटरनंतर ती पातळी गाठायला ३०० मिलिलिटर भर घालावी लागली. हेड गॅस्केट गेल्याची जी लक्षणे सांगितली जातात, त्यांपैकी एकही ठळकपणे दिसत नव्हते: डिपस्टिकवरचे तेल स्वच्छ होते, इंजिन तापल्यावरही धुरांड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर येत नव्हता आणि इंजिन चालू असताना टाकीत सतत बुडबुडे येत नव्हते. तेल भरण्याच्या झाकणाखाली मात्र दुधाळ साय जमली होती, आणि अंदाजपत्रकाचा सारा भार बहुधा तिच्यावरच होता. थंड हवेत लहान लहान फेऱ्या केल्या की इंजिनातल्या वाफेचे त्या झाकणाखाली पाणी होते आणि ते तेलात मिसळते. लांबचा प्रवास झाला की ती साय बरीचशी आपोआप नाहीशी होते. तेवढ्यावरून हेड उतरवणे म्हणजे खोकला ऐकून शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यासारखे आहे.

पुढच्या दोन चाचण्या उसन्या उपकरणांवर केल्या. पहिलीत कूलंटच्या टाकीवरची हवा एका निळ्या द्रावणातून ओढतात; ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड कूलंटमध्ये शिरत असेल तर द्रावण पिवळे पडते. आमचे निळेच राहिले. दुसरी चाचणी कॉम्प्रेशनची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजण्याची होती. इंजिन गरम करून, चारही स्पार्क प्लग काढून, इंधन आणि इग्निशन बंद ठेवून आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवला, तेव्हा चार सिलिंडरांचे आकडे ११.८, ११.६, ११.९ आणि १०.९ बार आले. चौथा थोडा मागे होता. त्यात चमचाभर इंजिन तेल घालून पुन्हा मोजले तर तो ११.५ झाला, म्हणजे तिथल्या पिस्टनच्या रिंग झिजल्या आहेत. गॅस्केट किंवा व्हॉल्व्ह गळत असता तर तेलाने एवढा फरक पडला नसता. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांतला फरक नऊ टक्क्यांच्या आत असल्याने आणि तेल ३,००० किलोमीटरला जेमतेम एक लिटर जात असल्याने त्या रिंगांना मी हात लावणार नाही. दर ५०० किलोमीटरला डिपस्टिक पाहणे हा त्यावरचा पुरेसा उपाय आहे.

मग कूलंट जात कुठे होते? थंड इंजिनावर कूलंटच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवून १.१ बार दाब भरला. वीस मिनिटांत काटा ०.८ वर आला, पण खाली अंथरलेला पुठ्ठा कोरडाच. शेवटी टायमिंग बेल्टचे (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याचे) खालचे आवरण काढून, लहान आरसा आणि टॉर्च घेऊन वॉटर पंपाच्या पोटाखाली पाहिले. पंपाच्या अंगावर एक लहानसे भोक मुद्दाम ठेवलेले असते; आतले सील गळू लागले की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावे, ही त्यामागची योजना. त्या भोकाखाली गुलाबी, खडूसारखा थर साचला होता आणि बोट लावल्यावर तो भुगा होऊन पडला. पंपावर थेंब येत होता, पण तापलेल्या धातूवर तो वाळून जात असल्यामुळे जमिनीवर डाग कधीच पडला नाही. कूलंटचे झाकणही स्वतंत्रपणे तपासले तर ते १.१ ऐवजी ०.७ बारलाच सुटत होते. कूलंट आणि पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि एक बार दाबाखाली हा बिंदू सुमारे २० अंशांनी वर जातो. म्हणजे कमकुवत झाकण ही केवळ गळतीच नाही, तर ते इंजिनाची उष्णता सहन करण्याची मर्यादाच खाली आणते.

या गाडीत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालतो. बेल्ट सहा वर्षांचा आणि ७४,००० किलोमीटर चाललेला होता, आणि हे इंजिन असे आहे की बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून ते वाकतात. पंपासाठी बेल्ट उतरवावाच लागतो, तेव्हा तोच जुना बेल्ट परत चढवणे हा काटकसरीचा देखावा ठरला असता. बेल्ट, त्याला ताण आणि वाट देणाऱ्या पुली (टेन्शनर, आयडलर), पंप, कूलंटचा प्रवाह तापमानानुसार सोडणारा थर्मोस्टॅट, झाकण आणि पुढचे दोन ऑइल सील असा संच मागवला आणि २,८७,३०० किलोमीटरला दोन सुट्टीच्या दिवसांत काम उरकायचे ठरवले. त्याला पाच दिवस लागले.

दोष माझाच. थर्मोस्टॅटच्या आवरणाचा तिसरा बोल्ट अडला होता. ॲल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षे बसलेला पोलादी बोल्ट गंजून एकजीव होतो, हे ठाऊक असूनही मी लांब पाना घेतला. आधी ताण वाढत गेला, मग बोल्ट एकाएकी हलका फिरू लागला; क्षणभर वाटले की सुटला, आणि बाहेर आले ते नुसते डोके. पुढचे दोन दिवस त्या एका तुकड्यात गेले. गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर ठेवले, सकाळी आवरणाभोवतीचा भाग गरम केला, तुटक्या तोंडाच्या मध्यावर पंचने खूण करून उलट्या फिरकीच्या ड्रिलने हळूहळू भोक पाडायला घेतले. तिसऱ्या खेपेला ड्रिलने तो तुकडा पकडला आणि तो फिरत बाहेर आला. आटे वाचले. नवा बोल्ट टॉर्क रेंच लावून १० न्यूटन-मीटरवर थांबवला. मनगटाच्या अंदाजावर माझा विश्वास तूर्त उरलेला नाही. बेल्ट चढवल्यावर क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळवून पाहिल्या, आणि हिटर पूर्ण उघडा ठेवून कूलंटमधली हवा काढली.

क्लचची तक्रार खरी होती, हे मी नाकारत नव्हतो. पाचव्या गिअरमध्ये ताशी ५० किलोमीटरवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनाचे फेरे चढत आणि वेगाचा काटा जागच्या जागी राही. हे काम पुढे ढकलण्यासारखेही नव्हते, कारण घसरणारा क्लच फ्लायव्हील (क्लच ज्यावर दाबला जातो ते इंजिनाचे जड चाक) तापवून तोही खराब करतो. गिअरबॉक्स एकट्याने उतरवण्याची जागा आणि साधने माझ्याकडे नाहीत, म्हणून ते काम दुसऱ्या गॅरेजला दिले. मात्र देताना दोन अटी घातल्या: काढलेले भाग मला दाखवायचे आणि नवे बसवण्याआधी फोन करून बोलवायचे.

त्या फोनमुळेच पुढचा खर्च वाचला. काढलेली क्लच प्लेट हातात घेतली तर तिची जाडी चांगली शिल्लक होती, रिव्हेट अजून पुष्कळ खोल होते, पण अस्तर काळपट आणि चकचकीत झाले होते व कडेला तेलाचा ओलावा होता. क्रँकशाफ्टच्या मागचे ऑइल सील गळत होते. अंदाजपत्रकात क्लच सेट होता, सील नव्हते. तसाच सेट बसवला असता तर नवी प्लेटही काही हजार किलोमीटरांत भिजली असती आणि गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी पुन्हा पहिल्यापासून भरावी लागली असती. सीलही विनाकारण गळत नाही. इंजिनाच्या खालच्या भागातले वायू इनटेककडे नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवला, तर त्याने खुळखुळ आवाज करायला हवा होता; तो चिकट काळ्या गाळाने गच्च बसला होता. वायूंना वाट मिळाली नाही की आतला दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर रेटले जाते. चौथ्या सिलिंडरच्या रिंगांमधून येणाऱ्या वायूंनी त्यात भर घातली असणार. या साऱ्या प्रकरणात बदललेला सर्वांत स्वस्त भाग हा व्हॉल्व्ह होता.

मजुरी एकदाच भरायची असल्याने प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, मागचे सील, ड्राइव्हशाफ्टची दोन सील आणि गिअर तेल हे सगळे एकत्र केले. फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळे डाग होते, पण तडे नव्हते. तो एकसंध प्रकारचा असल्याने घासून घेता आला. दोन भागांचा ड्युअल मास फ्लायव्हील असता तर हिशेब फारच वेगळा झाला असता, आणि ज्यांच्या गाडीत तो आहे त्यांनी क्लचसाठी रक्कम साठवताना हे ध्यानात घ्यावे.

खडखडीचे काम सर्वांत लहान निघाले. गाडी चाकांवर उभी असताना एकाला बाजूने हलवायला सांगितले आणि मी अँटिरोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडवर बोटे ठेवली. वरच्या बॉल जॉइंटमधला टकटक हादरा सरळ बोटांत आला. शॉक ॲब्सॉर्बर कोरडे होते, लोअर आर्मच्या बुशवर फक्त वरवरच्या भेगा होत्या. दोन लिंक रॉड बदलले. आवाज गेला.

२,८८,२०० किलोमीटरला इंजिनाचा दिवा लागला तेव्हा मात्र धस्स झाले. गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड पी ०१७१ होता, म्हणजे मिश्रणात इंधनाच्या मानाने हवा जास्त. फोनवर एका परिचिताने ऑक्सिजन सेन्सर बदलण्याचा सल्ला दिला, पण तो सेन्सर बहुतेक वेळा फक्त बातमी देत असतो. नुकताच हात कुठे लावला होता, तिथून पाहायला घेतले तर पीसीव्हीच्या जुन्या रबरी नळीला कोपऱ्यात चीर सापडली. व्हॉल्व्ह काढताना ती वाकली असणार. नवी नळी बसवली, कोड पुसला, परत आलेला नाही.

एकूण खर्च मूळ अंदाजपत्रकाच्या ४६ टक्के झाला, आणि त्यातही टायमिंग बेल्टचे काम त्या यादीत मुळात नव्हतेच. बाजूला ठेवलेली रक्कम जवळजवळ संपली आहे, म्हणून वातानुकूलन यंत्राच्या कॉम्प्रेसरची घरघर आणि धुरकट झालेले हेडलाइट पुढच्या वर्षावर ढकलले आहेत. काचेची मोटर किंवा आरसा जुन्या बाजारातून घ्यायला माझी हरकत नसते, परंतु ब्रेक, बेल्ट, पंप आणि रबराची कोणतीही वस्तू वापरलेली घेत नाही. कुठे थांबायचे, तेही नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे, कारण ऐन खर्चाच्या वेळी मनाला समजावणे फार सोपे असते: सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेले आहे तिथला पत्रा गंजून पोकळ झाला, किंवा गरम इंजिनावर तेलाचा दाब कमी होऊन क्रँकच्या बेअरिंगचा ठोका ऐकू आला, तर ही गाडी तिथेच संपली.

आज २,९१,१०० किलोमीटरला थंड इंजिनावर पाहिले, तेव्हा कूलंट पेन्सिलीच्या रेघेवर होते. टेपची पट्टी उन्हाने कडक होऊन एका टोकाला सुटू लागली आहे, तेवढी बदलायची राहिली आहे. ब्रेक ऑइलला दोन वर्षे होत आल्याने पुढची नोंद त्याची असेल.