जांभळ्या कागदावरचा सोनेरी मोर

सासूबाईंना ७५ वर्षे पूर्ण होणार होती, तेव्हा त्यांच्या अमृतमहोत्सवाची निमंत्रणे छापून न आणता घरीच करायची, असे मी ठरवले. त्यांचे माहेर येवल्याचे. त्यामुळे जांभळ्या कागदावर पैठणीच्या पदरातला सोनेरी मोर असावा, हे मनात पक्के होते. नाशिकच्या मेनरोडवरून ३०० जीएसएमचे, म्हणजे चांगले जाड, ए४ आकाराचे २५ कागद आणले आणि प्रत्येकाचे दोन भाग केले. घडी घालण्यापूर्वी शाई संपलेल्या बॉलपेनाने पट्टीच्या आधारे दाबून रेघ ओढली, कारण एरवी जाड कागद घडीवर तडकतो.

सुरुवातीला मी मोराचा शिक्का, कार्यालयात असतो तशा साध्या स्टॅम्प पॅडवर टेकवला. ती शाई चटकन वाळते, त्यामुळे एम्बॉसिंग पावडर, म्हणजे शिक्क्याच्या ओल्या शाईवर भुरभुरायची आणि तापवली की वितळून उठावदार नक्षी होणारी भुकटी, तिला चिकटलीच नाही. या कामाला सावकाश वाळणारी पिग्मेंट शाई किंवा पारदर्शक चिकट शाई लागते. हेअर ड्रायरनेही निराशा केली. त्याचा झोत जोराचा आणि उष्णता अपुरी, म्हणून पावडर वितळण्याआधीच उडून गेली. शेवटी तशी शाई आणि खूप गरम हवा सोडणारी हीट गन दोन्ही मागवले.

तरीही पहिल्या काही कार्डांवर मोराभोवती सोनेरी ठिपक्यांचा सडा पडला. नाशिकची जानेवारीतली हवा थंड आणि कोरडी असते, आणि अशा हवेत कागदावर साचलेली स्थिर वीज पावडरचे कण नको तिथे धरून ठेवते. मलमलच्या तुकड्यात कॉर्नफ्लोअरची पुरचुंडी बांधून ती शिक्का मारण्यापूर्वी कागदावर हलकेच फिरवली, तेव्हा हा त्रास जवळजवळ थांबला. उरलेसुरले कण कोरड्या बारीक कुंचल्याने टिपून घेत होते. मोराच्या मानेजवळ हे काम श्वास रोखूनच करावे लागे. झटकलेली पावडर मात्र घडी घातलेल्या कागदावरून पुन्हा बरणीत ओतता येते, आणि ही काटकसर मला फार आवडली.

खरे कसब तापवण्यात आहे. गन आधी काही सेकंद रिकामीच चालू ठेवून तापू द्यावी आणि मग कार्डापासून थोड्या अंतरावर धरून हळूहळू सरकवत न्यावी. मोराची भुरकट, खरबरीत शेपटी पाहता पाहता एका टोकाकडून वितळू लागते, ओल्या सोन्यासारखी चमक पिसापिसांतून पुढे सरकते, आणि ती पुढे गेली की मागे क्षणभरही रेंगाळायचे नसते. जास्त उष्णता लागली की उठाव बसतो, चमक जाते आणि कागदावर तेलकट डाग उमटतो. माझी सात कार्डे वाया गेली, त्यांतली बहुतेक याच मोहापायी, अजून थोडे चमकेल या आशेने. कागद वाकू लागला तर गन खालच्या बाजूने धरणे बरे, हेही त्याच नुकसानीतून कळले.

तीन संध्याकाळींत ४० निमंत्रणे आणि वर तीन शिल्लक, एवढी कार्डे हाती आली. उठाव घासला जाऊ नये म्हणून प्रत्येक पाकिटात पातळ कागद घातला. वाया गेलेल्यांतले एक, मान फिस्कटलेल्या मोराचे, सासूबाईंनी माझ्याकडून मागून घेतले. ‘अगं, हा टाकू नकोस,’ म्हणाल्या. ते आता त्यांच्या रोजच्या पोथीत खुणेसाठी असते.