‘मूल झोपवून आणावे’ : बेरा तपासणीच्या तीन तारखा

चिठ्ठीवर तीनच शब्द होते. मूल झोपवून आणावे. खाली तारीख आणि वेळ, सकाळी ११. ज्याने ही चिठ्ठी लिहिली त्याने वीस महिन्यांचं पोर सकाळी अकराला, एसटीने तासभराच्या प्रवासानंतर, केस पेपरच्या रांगेत कधी झोपवलेलं नाही, हे मी स्टँपपेपरवर लिहून देते.

मुलाला किती ऐकू येतं ते बघायच्या या तपासणीचं नाव बेरा. कानात बारीक टकटक आवाज सोडतात आणि कपाळावर, कानांमागे चिकटवलेल्या इलेक्ट्रोडवरून कानाच्या नसेचा आणि मेंदूच्या देठाचा प्रतिसाद मशीन टिपतं. मुलाने हात वर करायचा नसतो, काही सांगायचं नसतं. फक्त अर्धा-पाऊण तास गाढ झोपायचं असतं. प्रतिसादाचे सिग्नल इतके क्षीण असतात की पोर रडलं, मान वळवली, अगदी चुटुचुटु बाटली ओढत राहिलं तरी स्नायूंच्या हालचालीत ते बुडून जातात. म्हणजे सगळी तपासणी झोपेवर उभी, आणि झोपेबद्दल सूचना तीन शब्दांची.

तिथवर कसे पोचलो ते थोडक्यात. वीस महिन्यांना लेकीचे शब्द पाच : ‘आ’ म्हणजे आई, ‘बाबा’, ‘मम’, कुत्र्याला ‘भू’, आणि ‘ना’. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२मध्ये सुधारलेल्या, मुलांच्या वाढीच्या तक्त्यात दीड वर्षाला आई-बाबा सोडून किमान तीन शब्द धरले आहेत. त्या हिशेबाने ती काठावर पास होती. बोट दाखवायची, टाटा करायची, बुवा-कुक खेळायची. खटकत होतं ते एवढंच की पाठीमागून नाव घेतलं तर वळायची नाही. समोर बसून बोललं की सगळं कळायचं.

घरात मात्र कुणाला पटेना, कारण कुकरच्या शिट्टीला ती दचकायची. सासूबाई मागे जाऊन ताट आपटायच्या, ती वळायची, झाली परीक्षा. ही ताटाची परीक्षा बाद धरा. ताट पडण्याचा आवाज भरपूर मोठा असतो, शिवाय फरशीची थरथर पायांना कळते. कानात पाणी साचून ऐकणं थोडं कमी झालेलं मूल ताटाला, शिट्टीला, फटाक्याला हमखास वळतं. त्याचं चुकतं ते हलक्या आवाजाचं बोलणं. त्यातही ‘स’, ‘श’ आधी गळतात आणि आपल्या भाषेत वाक्याच्या शेवटी जे हळू पडतं ते. घरी बघायचंच असेल तर मुलाच्या मागे हातभर अंतरावर, सावली पडणार नाही असं उभं राहून नेहमीच्या आवाजात आणि मग कुजबुजत ‘खाऊ’ म्हणा. हीही पक्की तपासणी नाही, पण ताटापेक्षा बरी. ‘हिचा बाप अडीच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता’ हा पुरावाही डॉक्टरपुढे चालत नाही, त्यात आमचे दोन महिने गेले. बोलणं उशिरा असेल तर आधी कान तपासायचे, मग बाकीचं. स्पीच थेरपीलासुद्धा कानाचा रिपोर्ट आधी मागतात.

पहिली तारीख. पहाटे लवकर उठवलं, डोक्याला तेल लावून अंघोळ घातली, तीट लावली, वाळे घातले आणि निघालो. या एका वाक्यात चार चुका आहेत.

तेलाने इलेक्ट्रोड धरत नाही. ते कपाळावर, केसांच्या रेषेजवळ आणि कानामागच्या हाडावर बसतात. आधी ती जागा खरखरीत जेलने घासून स्वच्छ करतात, मग पेस्ट लावून चिकटपट्टी. त्वचा तेलकट असेल तर संपर्क नीट होत नाही, मशीन पुढे जाऊ देत नाही, पुन्हा घासावं लागतं, आणि तेवढ्यात झोपलेलं पोर उठतं. तीट नेमकी कपाळावरच्या इलेक्ट्रोडच्या जागी. वाळे झोपेत पाय हलला की वाजतात आणि मूल स्वतःच्याच आवाजाने जागं होतं. कानातले डूलही काढून न्यायचे, कारण कानात फोमची नळी बसवतात आणि कधी कानामागे हाडावर कंपन देणारं बटण टेकवतात. तेलाची अंघोळ आदल्या दिवशी आणि शाम्पू लावून. तपासणीच्या दिवशी डोकं कोरडं.

चौथी चूक पहाटे उठवण्यात नव्हती, ते बरोबरच होतं. चूक पुढच्या प्रवासात झाली. एसटीच्या खिडकीचा वारा लागला आणि नऊ-चाळीसला ती झोपली. आम्हाला वाटलं, वा, झोपवूनच आणलं! सव्वादहाला केस पेपरच्या खिडकीसमोर कुणाचा तरी मोबाइल वाजला आणि ती उठली, ताजीतवानी. अकराला आत नेलं तेव्हा इलेक्ट्रोडची वायर ओढून हसत होती. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या बाईंनी वीस मिनिटं वाट पाहिली, दिवा मालवला, मी थोपटलं, अंगाई झाली. मग ‘पुढची तारीख घ्या’. तारीख बावीस दिवसांनी.

पस्तीस मिनिटांची डुलकी पुढची दीड-दोन तासांची झोप मारते. ‘झोपवून आणावे’ याचा खरा अर्थ ‘पेंगुळलेलं पण जागं आणावे’ असा आहे, आणि तो कुणीच सांगत नाही. झोपलेलं मूल आणलं तर जेलच्या घासण्याने ते उठणारच. क्रम असा हवा : जागेपणी इलेक्ट्रोड लावून घ्यायचे, डोक्याला पातळ टोपडं बांधायचं म्हणजे वायरी हाताला लागत नाहीत, मग पोटभर दूध, मग थोपटणं, आणि गाढ झोपल्यावर कानात नळी. दूध हातात राखून ठेवायचं, रांगेत द्यायचं नाही. अंगावर पिणारं मूल असेल तर आईने मागे चेन असलेला ड्रेस घालू नये, हे मला तिथे शेजारी बसलेल्या एका ताईने सांगितलं, माझा ड्रेस बघून.

दुसऱ्या तारखेला झोपेचं औषध द्यायचं ठरलं. बऱ्याच ठिकाणी ट्रायक्लोफॉसचं सिरप देतात. ते त्या दिवशीच्या वजनावर मोजून, डॉक्टर समोर असताना, तिथेच द्यायचं असतं. काही जण बाटली लिहून घेतात आणि घरातून पाजून निघतात. हे अजिबात करू नका. औषध चढलेल्या मुलाची मान कडेवर किंवा सीटवर पुढे पडली तर श्वास अडतो आणि वाटतं छान झोपलंय. औषधाआधी किती तास उपाशी ठेवायचं ते तारीख घेतानाच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यायचं. चढायला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. काही मुलं झोपायच्या ऐवजी उलट चिडचिडी होतात, काही ओकून टाकतात. ओकलं तर दुसरा डोस आपल्या मनाने द्यायचा नाही, किती पोटात राहिलं ते कळत नसतं.

आम्हाला यातलं काहीच बघायला मिळालं नाही, कारण लेकीला सर्दी होती. नाक चोंदलेलं असताना गुंगीचं औषध देत नाहीत. ते योग्यच आहे, माझी तक्रार त्याबद्दल नाही. तक्रार ही की आदल्या दिवशी फोन करून मी विचारलं होतं, ‘सर्दी आहे, आणू का?’, आणि उत्तर मिळालं होतं, ‘घेऊन या, बघू.’ चार तास उपाशी पोर, जाऊन-येऊन दोन तासांची एसटी, आणि तारीख आणखी एकोणीस दिवसांनी. एकोणीस दिवसांत वीस महिन्यांचं मूल किती शब्द उचलतं याचा हिशेब त्या खिडकीत कुणी करत नसावं.

तिसऱ्या वेळी मी खिडकीत अडून बसले. अकराची वेळ नको, दुपारी दीडची द्या. तिची रोजची झोप दीडची आहे. खिडकीतल्या बाबांनी रजिस्टर पाहिलं आणि म्हणाले, ‘मग आधीच सांगायचं ना, दुपारी खोली रिकामीच असते.’ मी काही बोलले नाही. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी बोला.

आदल्या रात्री नेहमीपेक्षा दोन तास उशिरा झोपवलं आणि पहाटे पाचला उठवलं. दोन मोठी माणसं बरोबर हवीतच : एक रांगेत, एक मुलाबरोबर बाहेर. एसटीत मागच्या बाकावर नाही, पुढे ड्रायव्हरजवळ बसलो. डोळे मिटायला लागले की उभं करायचं, गार पाण्याचा हात तोंडावरून फिरवायचा, ‘इथे इथे बस रे मोरा’ पंधराव्यांदा. कुरमुरे एकेक करून द्यायचे, वेळ जातो आणि पोट भरत नाही. फोनवर कार्टून लावून जागं ठेवायचा मोह आवरा, बंद करताना जे रडं सुटतं ते थेट तपासणीच्या खोलीत जातं. शेवटचा तास फार वाईट जातो. मूल चिरचिर करतं, बघणाऱ्या बाया ‘झोपू द्या की बिचारीला’ म्हणतात. करू द्या चिरचिर.

दीडला इलेक्ट्रोड लागले, एक-चाळीसला दूध, एक-पन्नासला गाढ. औषध लागलंच नाही. खोलीतले मोबाइल बंद करायला लावतात, सायलेंट नाही, बंद, कारण मशीनमध्ये खरखर येते. मला एक गोष्ट आयत्या वेळी सुचली आणि ती फार कामाची ठरली : बाईंना विचारलं, याच झोपेत ओएई आणि इम्पिडन्सही कराल का? दोन्ही मिळून पाच-सात मिनिटांचं काम. कानात रबरी टोक बसवून ओएईमध्ये आतल्या कानातून परत येणारा बारीक आवाज मोजतात, इम्पिडन्समध्ये हवेचा दाब बदलून पडदा किती हलतो ते. दोन्हीला झोपच हवी असं नाही, पण रडणं चालत नाही, आणि जागं पोर कानात टोक घातल्यावर रडतंच. आदल्या आठवड्यात कानातला मळ काढून घेतला होता ते बरं झालं. मळ अडकला असेल तर ओएई उगाचच ‘रेफर’ येते. आणि ‘रेफर’ म्हणजे बहिरेपण नव्हे, पुढची तपासणी करा एवढाच त्याचा अर्थ. रिपोर्टवर तो शब्द वाचून बाहेर बाकावर रडत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आमचा रिपोर्ट : दोन्ही कानांना इम्पिडन्सचा आलेख ‘बी’, म्हणजे सपाट. पडद्यामागे चिकट पाणी. बेरात पाचवी लहर (नसेच्या प्रतिसादातली, ऐकू आल्याची मुख्य खूण) दोन्हीकडे ४५ डेसिबलपर्यंतच दिसली, त्याहून हलक्या आवाजाला नाही; हाडावरून दिलेल्या आवाजाला मात्र व्यवस्थित. म्हणजे नस चांगली, रस्त्यात पाणी. कानाच्या डॉक्टरांनी तीन महिने थांबायला सांगितलं, कारण असं पाणी बहुतेकदा आपोआप ओसरतं. नाही ओसरलं तर पडद्यात ग्रोमेटची बारीक नळी. तोवर आडवं झोपवून बाटली द्यायची नाही, घरात सिगारेट-उदबत्तीचा धूर नाही, आणि बोलायचं ते समोर येऊन, तिच्या उंचीला बसून, टीव्ही बंद करून. सासूबाईंनी वेखंड उगाळून चाटवायचं मनात आणलं होतं. ते त्यांनीच रिपोर्ट पाहून परत डब्यात ठेवलं.

हे आधी लिहायला हवं होतं : राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. ते मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं आणि तपासणी मोफत होते. अंगणवाडी ताईंना पथकाची तारीख विचारून ठेवा. आम्हाला हे तिसऱ्या तारखेला कळलं. बरोबर न्यायचे कागद : माता-बाल संरक्षण कार्ड, जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड (जन्माचं वजन, कावीळ, काचेच्या पेटीत किती दिवस होतं, हे सगळं विचारतात), आणि शब्दांचा कागद.

शब्दांचा कागद म्हणजे वहीचं एक पान, तीन रकाने : तारीख, उच्चार, अर्थ. तोच आवाज त्याच गोष्टीसाठी, आपणहून, पुन्हा पुन्हा आला तर तो शब्द. ‘चिऊ म्हण’ म्हटल्यावर म्हटलेलं चिऊ धरायचं नाही. भूभू, हम्मा, माऊ धरायचे. उच्चार अर्धामुर्धा असला तरी धरायचा. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींची बेरीज. समजणारे शब्द वेगळ्या पानावर. ‘बोलते का?’ या प्रश्नाला ‘हो, बोलते थोडं थोडं’ हे उत्तर डॉक्टरांच्या काही कामाचं नसतं, हे पान असतं.

तीन महिन्यांनी इम्पिडन्स पुन्हा केलं. उजवा कान ‘ए’, म्हणजे ठीक, डावा ‘सी’, म्हणजे पाणी गेलं, दाब थोडा कमी. बेरा पुन्हा लागली नाही, देव पावला. पान तोवर मागच्या बाजूला गेलं होतं. चौतिसावी नोंद, दुपारी दीडची : ‘गाई नाई’. तिने एकत्र जोडलेले पहिले दोन शब्द. अर्थाच्या रकान्यात नवऱ्याने लिहिलंय, झोपणार नाही.